ओटीपोटात दुखतंय? आधी एका बोटानं जागा दाखवा

नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या लेआउटमध्ये कुणाचं पोट दुखलं की डॉक्टरच्या आधी माझी बेल वाजते. मी डॉक्टर नाही. सरकारी दवाखान्यात सर्जरीच्या वॉर्डात आणि कॅज्युअल्टीत सिस्टर होते, आता रिटायर आहे. औषध कुणाला देत नाही. चार गोष्टी विचारते आणि सांगते: आत्ताच निघा, नाहीतर उद्या सकाळी ओपीडीत जा, नाहीतर घरीच थांबा अन् लक्ष ठेवा. त्याच गोष्टी इथं लिहिते, म्हणजे रात्री दोन वाजता मला उठवायच्या आधी तुम्हीच घरात विचारून घ्याल.

पहिलं बोट, मग घड्याळ

‘पोट दुखते’ म्हणताना माणूस अख्खा पंजा पोटावर फिरवतो. मी म्हणते, एका बोटानं दाखवा. जागा दाखवताच येत नसेल, पंजा गोलगोल फिरत असेल, तर दुखणं बहुतेक आतड्याच्या आतलं असतं: गॅस, मुरडा, जुलाब. अपेंडिक्सची सुरुवातही अशीच होते, ते पुढं येईलच. बोट एकाच जागी टेकलं आणि तिथं दाबल्यावर चेहरा बदलला, तर सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली असण्याची शक्यता असते. मग जास्त वेळ बघत बसायचं नाही.

बेंबीच्या खालचा सगळा भाग म्हणजे ओटीपोट. उजवीकडे अपेंडिक्स आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक. डावीकडे मोठ्या आतड्याचा खालचा भाग, जिथं बद्धकोष्ठाचं दुखणं जास्त जाणवतं. मधोमध मूत्राशय, आणि बायकांना त्याच्या मागं गर्भाशय. दोन्ही बाजूंना मूत्रनलिका, बायकांना बीजकोशही. एवढा नकाशा डोक्यात असला तरी पुष्कळ.

बोटानंतर घड्याळ. दुखणं कधी सुरू झालं, हळूहळू वाढलं की एका क्षणात आलं? ‘कालपासून’ हे उत्तर मी घेत नाही. काल सकाळी की काल रात्री, जेवणाआधी की नंतर, ते सांगा. गाढ झोपेतून उठवणारं दुखणं आणि दुपारभर कुरकुरणारं दुखणं यांत फार फरक आहे. तिसरा प्रश्न: हलल्यानं वाढतं की हलल्याशिवाय राहवत नाही? चौथा: सोबत काय आहे? ताप, उलटी, शौच, लघवी, पाळी. हे चार प्रश्न नीट विचारले की अर्धं काम झालं.

अपेंडिक्स

मागच्या गल्लीतली एक बाई तिच्या पोराला घेऊन आली. “सिस्टर, रात्रीपासून बेंबीपाशी दुखून राह्यलं म्हणते. सकाळी तर्री-पोह्याले हात नाही लावला जी यानं.” चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा तर्री-पोह्याला नाही म्हणतो, ही माझ्या लेखी थर्मामीटरपेक्षा मोठी बातमी आहे. अपेंडिक्समध्ये भूक सगळ्यात आधी मरते.

त्याला म्हटलं, “खोक पाहू बापू.” तो अर्धवटच खोकला आणि हात आपोआप उजवीकडे खाली गेला. मग सांगितलं, टाचा वर कर, चवड्यावर उभा राहा आणि धपकन टाचा टेकव. त्यानं एकदाच केलं, दुसऱ्यांदा नको म्हणाला. मानेवाड्याहून मेडिकलपर्यंत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यापर्यंत, ऑटोत जाताना प्रत्येक गतिरोधकावर तो आईचा हात घट्ट धरत होता, हे तिनं नंतर सांगितलं. तीही एक तपासणीच. धक्क्यानं उजव्या ओटीपोटात कळ येत असेल तर डॉक्टरला मुद्दाम सांगा.

याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी बेंबीभोवती अस्पष्ट दुखतं, कारण अपेंडिक्सच्या मज्जातंतू मणक्यात बेंबीच्या मज्जातंतूंच्याच पातळीवर पोचतात आणि मेंदूला जागा नीट कळत नाही. काही तासांनी सूज पोटाच्या अस्तराला लागते, मग दुखणं उजवीकडे खाली उतरतं. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून बेंबीपर्यंत एक रेघ धरा. हाडापासून एक तृतीयांश अंतरावर जी जागा येते, तिथं दाबल्यावर सगळ्यात जास्त दुखतं. उलटी होते, पण सहसा दुखणं सुरू झाल्यानंतर. उलटी-जुलाब आधी आणि पोटात पिळवटणं मागून आलं, तर बहुधा खाण्यातलं काही बाधलं असतं. ताप सुरुवातीला थोडासाच असतो. ‘ताप नाही ना, मग काही नाही’ हे खरं नव्हे.

हे सगळं पुस्तकातलं चित्र झालं. अपेंडिक्स सगळ्यांची एकाच जागी नसते. ती मागं वळलेली असली तर पाठीत दुखतं, खाली ओटीत लोंबत असली तर वारंवार लघवीला किंवा पातळ शौचाला होतं आणि घरचे जुलाबाची गोळी देऊन मोकळे होतात. लहान लेकरांत आणि म्हाताऱ्यांत चित्र आणखी पुसट असतं. १० ते ३० वयात हा आजार जास्त दिसतो, पण वय पाहून त्याला नाही म्हणू नका.

आणखी एक. रात्रभर तडफडलेल्या माणसाचं दुखणं पहाटे अचानक थांबलं तर घरात हायसं वाटतं. मला उलट धडकी भरते. अपेंडिक्स फुटली की आतला ताण सुटतो, थोडा वेळ बरं वाटतं आणि मग अख्खं पोट दुखायला लागतं, पोट लाकडासारखं कडक होतं. दुखणं सुरू होऊन दीड दिवस उलटला की फुटण्याची भीती वाढत जाते.

घरी काय करू नका

एरंडेल देऊ नका. जुलाबाचं कोणतंच औषध देऊ नका. ‘पोट साफ झालं की बरं वाटेल’ हा विचार बद्धकोष्ठाला ठीक आहे, सुजलेल्या अपेंडिक्सला नाही.

बेंबी बसवू नका. ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून देणाऱ्या बाया आमच्याकडे महालापासून हुडकेश्वरापर्यंत सगळीकडे आहेत, अन् त्यांच्यातल्या काही स्वभावानं फार चांगल्या आहेत. गॅसनं फुगलेल्या पोटाला हलक्या हातानं चोळल्यानं आराम पडतोही. पण आत सूज असलेल्या पोटावर अंगठा रोवून दाब देणं म्हणजे संकट ओढवून घेणं. दाबल्यावर दुखतं त्या पोटाला कुणीही चोळायचं नाही.

दुखण्याची गोळी घ्यावी की नाही, हे सगळेच विचारतात. पूर्वी आम्हालाही शिकवलं जायचं की गोळी दिली की आजार लपतो. आता दवाखान्यात तपासणी सुरू असतानाही वेदनाशामक देतात, त्यानं निदान चुकत नाही असं दिसून आलं आहे. म्हणून निघताना वयाप्रमाणे पॅरासिटामॉलची एक मात्रा दोन घोट पाण्याबरोबर घेतली तर बिघडत नाही, फक्त वेळ लिहून ठेवा. मेडिकल स्टोअरमधून डायक्लोफेनॅक आणून उपाशीपोटी दर चार तासांनी गिळत घरी बसणं मात्र नको. त्यानं जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना मार बसतो.

ऑपरेशनची शंका असेल तर खायला काही देऊ नका. ‘उपाशी कसं न्यायचं’ म्हणून निघताना चहा-बिस्किट खाऊ घालणारे नातेवाईक मी रोज पाहायची. मग भूल द्यायला थांबावं लागतं.

मुतखडा: आपल्या उन्हाळ्याचं दुखणं

नागपूरचा मे म्हणजे पारा ४५च्या आसपास. दिवसभर घाम गाळायचा, त्या मानानं पाणी कमी, मग लघवी घट्ट होते आणि क्षार बसतात. कूलरसमोर बसणाऱ्याला तर घाम गेल्याचं कळतच नाही, कारण तो अंगावरच वाळतो.

खड्याचा पेशंट कॅज्युअल्टीच्या दारातच ओळखू यायचा. अपेंडिक्सचा माणूस गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडतो, ‘चादर ओढू नका’ म्हणतो. खड्याचा माणूस स्ट्रेचरवर टिकत नाही. उठतो, वाकतो, भिंतीला डोकं टेकवतो, पुन्हा चालायला लागतो. कळ पाठीत बरगडीखालून सुरू होऊन जांघेत उतरते, पुरुषांना अंडकोषापर्यंत जाते. लाटेसारखी येते, ओसरते, परत येते. उलटी होते. लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची दिसते. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की सारखं लघवीला लागतं, अन् लोक त्याला उन्हाळी लागली म्हणतात.

५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडून जातात, डॉक्टर दुखण्याची आणि कधीकधी मूत्रनलिका सैल करणारी गोळी देतात. १० मिलिमीटरच्या वरचे खडे सहसा स्वतःहून पडत नाहीत. पण खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. अडलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला की काही तासांत माणूस गंभीर होतो. एकच मूत्रपिंड असलेल्यांनी आणि लघवी अगदी बंद झालेल्यांनीही तसंच निघावं.

‘बिअर पी, खडा पडते’ हा सल्ला प्रत्येक पानठेल्यावर फुकट मिळतो. नको. कुळथाचं कढण प्यायला माझी हरकत नाही, निदान तेवढं पाणी तरी पोटात जातं. पण १२ मिलिमीटरचा खडा कुळथानं विरघळेल म्हणून सहा महिने बसू नका. पाणी एवढं प्या की दिवसाला दोन-अडीच लीटर लघवी झाली पाहिजे. मोजत कोण बसतं? रंग पाहा, फिकट पिवळा हवा. लिंबूपाणी चांगलं, आपली संत्रीही चांगली, कारण त्यांतलं सायट्रेट खडा बनू देत नाही. लिंबूपाण्यात मीठ मात्र ओतू नका. लोणचं, पापड, चिवडा कमी करा. सावजीच्या तिखटानं खडा होत नाही, पण रोज मटण आणि वर मीठ हे जमणार नाही. दूध बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम तोडल्यानं खडे कमी नाही, उलट जास्त होतात.

लघवीची जळजळ आणि लघवीचं अडणं

ओटीपोटात अगदी खाली मधोमध दुखतं, जळजळ होते, घडीघडी जावं लागतं आणि चार थेंब होतात: हा मूत्रमार्गाचा संसर्ग. बायकांत फार. सीताबर्डीत दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या पोरी पाणीच पीत नाहीत, का तर जायला धड जागा नाही. त्यांना ‘पाणी पी’ सांगणं सोपं आहे, जागा देणं मालकाचं काम आहे. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचा नमुना द्या, म्हणजे जंतू कोणता ते कळतं. आधीची धार सोडून मधली धार बाटलीत घ्यायची. गरोदर बाईनं हे दुखणं अंगावर काढू नये, थोडं असलं तरी.

म्हाताऱ्या पुरुषांचं वेगळं. बाबा सकाळपासून अस्वस्थ आहेत, बेंबीखाली गोल, टणक फुगवटा आहे, लघवी थेंब-थेंब. प्रोस्टेट वाढलेल्या माणसानं सर्दीची गोळी घेतली तरी असं अडू शकतं. दवाखान्यात नळी टाकली की त्यांचा चेहरा पाच मिनिटांत बदलतो. ‘जास्त पाणी पाजा म्हणजे होईल’ असं करू नका.

बायकांना आणखी काही

पाळीतलं दुखणं बहुतेकींना ठाऊक असतं. पहिल्या दिवशी सुरू, दोन-तीन दिवसांत संपतं, शेकल्यानं आराम पडतो. दोन पाळ्यांच्या मधोमध एका बाजूला काही तास दुखणं, हेही बीज सुटताना होतं, काळजी नाही. पण दर महिन्याला शाळा-ऑफिस बुडवावं लागत असेल, शौचाला जाताना किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल, तर ‘पाळीत दुखतंच’ म्हणून तिला गप्प करू नका. गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार असाच वर्षानुवर्षं निदानाविना राहतो. ताप, अंगावरून वास येणारं पांढरं जाणं आणि दोन्ही बाजूंना दुखणं असेल तर ओटीपोटातला संसर्ग. त्याचा कोर्स पूर्ण करायचा, नवऱ्यालाही उपचार घ्यायला लावायचे.

मला खरी भीती नळीतल्या गर्भाची वाटते, म्हणजे गर्भाशयाऐवजी बीजनलिकेतच राहिलेल्या गर्भाची. पाळी चुकलेली किंवा नेहमीपेक्षा कमी आलेली, एका बाजूला दुखणं, थोडं डाग लागणं. मग चक्कर, घाम, कधी खांद्याच्या टोकाला दुखणं, कारण पोटात रक्त साचून श्वासाच्या पडद्याला लागतं. असं दिसलं की क्षणभरही थांबू नका. ‘माझं ऑपरेशन झालंय, मले काय दिवस राहणार’ असं सांगणाऱ्या बाया असतात. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया क्वचित अपयशी ठरते, आणि तेव्हा गर्भ नळीत अडकण्याची शक्यता जास्त असते. तांबीचंही तसंच. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईचं ओटीपोट दुखत असेल तर लघवीवरची गरोदरपणाची चाचणी करायचीच, आणि तिला पाळीचं विचारताना सासू, नवरा, आई सगळ्यांना खोलीबाहेर पाठवायचं. लग्न न झालेल्या मुलीला तर नक्कीच.

एकदम आलेली असह्य कळ, सोबत उलट्या, बीजकोशात गाठ आहे हे आधी माहीत: गाठीला पीळ पडला असू शकतो. तेही लगेच.

मुलं खरं सांगत नाहीत

बारा ते अठरा वयाचा पोरगा ‘पोट दुखते’ म्हणतो, उलटी करतो, पण पोट मऊ लागतं. त्याला एकट्याला, शक्यतो बापानं किंवा मोठ्या भावानं विचारावं: खाली अंडकोषात दुखतं का, सुजलं का? पीळ पडलेला अंडकोष वाचवायला साधारण ६ तास मिळतात. लाजेपायी रात्र जाते आणि सकाळी काढून टाकावा लागतो. जांघेतला फुगवटा आत जात नसेल, दुखत असेल आणि उलट्या होत असतील तर तो अडकलेला हर्निया. त्यालाही दाबून आत ढकलायला जाऊ नका.

विदर्भात हे विचारायलाच हवं

सिकलसेल. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही यादीत हे वर नसतं, आपल्याकडे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत घराघरांत आहे. कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हात-पाय, पाठ, पोट भयंकर दुखतं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, थंडी बाधली, ताप आला की झटका येतो. पेशंटनं कार्ड सोबत ठेवावं आणि आत शिरताच ‘मी एस-एस आहे’ (म्हणजे सिकलसेलचा रुग्ण, नुसता वाहक नाही) असं सांगावं. मात्र सिकलसेल आहे म्हणून प्रत्येक दुखणं त्याच्याच माथी मारू नका, त्यांनाही अपेंडिक्स होते. ज्याला कधी तपासलंच नाही, वारंवार हाडं दुखतात, डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी आहे, त्यानं सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करून घ्यावी. लग्नाआधी तर दोघांनीही.

खूप तहान, खूप लघवी, वजन उतरलेलं आणि पोटात दुखून उलट्या, असं लेकरू दिसलं तर शुगर लगेच तपासा. पोटाच्या एकाच बाजूला पट्ट्यात जळजळ होते आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ उठतं, ती नागीण. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालेलं बरं.

आठवडे-महिने चालणारं

उजवीकडे सतत दुखतं, संध्याकाळी ताप चढतो, वजन घटतं, हाताला गोळा लागतो: आतड्याचा टीबी असू शकतो. खोकला नाही म्हणजे टीबी नाही असं धरू नका. शौचाला गेल्यावर दुखणं कमी होतं, ताणाच्या दिवसांत वाढतं, वजन मात्र शाबूत आहे, तर ते आतड्याच्या संवेदनशीलतेचं दुखणं. त्रासाचं, पण जिवावरचं नव्हे. पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयी बदलल्या, रक्त पडू लागलं, तर मूळव्याधीचं मलम लावून वर्ष काढू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट सारखं फुगलेलं राहतं, दोन घासांत भरतं, तर तिला सोनोग्राफीला न्या.

निघताना

पोट कडक झालं, चक्कर येते, उलटीत किंवा शौचात रक्त, गॅस आणि शौच दोन्ही बंद, गरोदरपण, किंवा दुखणं सहा तासांत कमी न होता वाढतच चाललं, तर १०८ लावा किंवा ऑटो पकडा. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, जो सरकारी दवाखाना जवळ पडेल तो. गरोदर बाईला गांधीबागेतलं डागा आहे.

पिशवीत जुनी फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं, शुगर-बीपीचे कागद, सिकलसेलचं कार्ड. एका चिठ्ठीवर चार ओळी: दुखणं कधी सुरू झालं, शेवटचं खाणं-पिणं कधी, पाळीची शेवटची तारीख, कोणती गोळी किती वाजता. कॅज्युअल्टीत तरुण डॉक्टर रात्रभर उभा असतो, ही चिठ्ठी त्याच्या हातात दिली तर तुमचा नंबर लागल्यावर वेळ जात नाही.

ओटीपोटाच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून तासभर आधी लीटरभर पाणी प्यायला सांगतात. ऑपरेशनची शक्यता असेल तर मात्र विचारल्याशिवाय पिऊ नका. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसली नाही म्हणजे ती चांगली आहे असं नव्हे. आतड्यातल्या हवेमुळं ती बऱ्याचदा झाकली जाते, मग डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात किंवा काही तासांनी पुन्हा पोट तपासतात. ‘पुन्हा कायले दाबून राह्यले’ म्हणून चिडू नका, पोट बदलतंय का तेच ते पाहत असतात.

आणि खड्याचा पेशंट घरी पाठवला असेल तर काही दिवस लघवी मलमलच्या फडक्यातून गाळून करायला सांगा. खडा सापडला की धुवून, कोरडा करून लहान डबीत घाला आणि पुढच्या ओपीडीला न्या. तो कशाचा बनलाय हे तपासता येतं, आणि मग पालक सोडायची की मटण, ते अंदाजानं ठरवावं लागत नाही.